बॅटमॅनच्या शहरात बॅटमॅनच नाही!

दोस्तांनो, बॅटमॅन तुम्हाला माहीत आहेच. काळा झगा, टोकदार कान आणि रात्रीच्या आभाळात चमकणारी ती वटवाघळाची खूण! पण समजा, गोष्ट त्याच्याच गॉथम शहरातली आहे आणि तिच्यात बॅटमॅन कुठेच नाही. मग उरलं काय? उरतात गुंड, आणि त्यांच्या तावडीत सापडलेली साधी माणसं. ‘द पेंग्विन’ ही इंग्रजी मालिका यांचीच आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे आठ भाग आले. मी सध्या पहिले तीनच पाहिले आहेत आणि तेवढ्यावरच हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. ही मालिका मोठ्यांसाठी आहे. मारामाऱ्या, शिव्या, नशेचा धंदा, सगळं उघड दाखवलंय. तेव्हा अठरा वर्षं पुरी होईपर्यंत तुम्ही रिमोट खाली ठेवायचा! मग आम्हाला सांगता कशाला, असं म्हणाल. सांगतो, कारण या गोष्टीत तुमच्याहून थोडासाच मोठा एक मुलगा आहे.

त्याच्याकडे जाण्यासाठी आधी सिनेमाकडे वळायला हवं. मॅट रीव्हज यांचा ‘द बॅटमॅन’ २०२२ साली आला. त्याच्या शेवटी रिडलर नावाचा खलनायक स्फोट घडवून शहराची समुद्राकडची भिंत फोडतो. पाणी गॉथममध्ये घुसतं. बॅटमॅन अंधारात लाल मशाल पेटवून पाण्यात अडकलेल्यांना वाट दाखवतो. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

पण पाणी कुठे जातं हो? आमची घिवली तारापूरजवळ, ऐन समुद्रकाठी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात पावसाळी वारा, म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बंधारा पुरेसा उंच आहे का, हा प्रश्न आमच्यासाठी सिनेमातला नाही. म्हणून मालिका सुरू होते तेव्हा मला आधी दिसला तो चिखल. पुराला जेमतेम आठवडा झालाय. श्रीमंतांच्या वस्तीत दिवे लागलेत आणि सखल भागातली गरीब माणसं अजून गाळ उपसताहेत. सिनेमाने जिथे पडदा पाडला, तिथून ही गोष्ट सुरू होते. मला ते फार आवडलं.

आता पेंग्विन. चित्रकथांमध्ये तो १९४१ पासून आहे. उंच टोपी, एका डोळ्यावर भिंग, हातात छत्री, असा विदूषकासारखा. इथला ऑझ कॉब मात्र खराखुरा गुंड आहे. पायात दोष असल्याने तो लंगडत चालतो, आणि लोक पेंग्विन म्हणाले की चिडतो. गंमत म्हणजे हे काम कॉलिन फॅरेल या देखण्या नटाने केलंय. रंगभूषाकार माइक मरिनो यांनी त्याच्या चेहऱ्यावर असा काही मुखवटा चढवलाय की ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं! रोज सुमारे तीन तास खुर्चीत बसायचं, मग काम सुरू. सोफिया फाल्कोन झालेली क्रिस्टिन मिलिओटी तर नुसत्या डोळ्यांनी घाबरवते. तिला २०२५ मध्ये एमी पुरस्कार मिळाला.

आणि तो मुलगा? व्हिक्टर. भिंत फुटली तेव्हा तो मैत्रिणीबरोबर एका गच्चीवर होता. आईवडील, भावंडं खाली घरात. तिसऱ्या भागात तो दिवस दाखवलाय. पाहताना मला दोन मिनिटं थांबावं लागलं.

एकटा पडलेला हा पोरगा मित्रांबरोबर ऑझच्या गाडीची चाकं चोरायला जातो. बाकीचे पळतात, हा सापडतो. ऑझ पिस्तूल रोखतो... आणि मारत नाही. कामाला ठेवतो.

तुमच्या आईबाबांना ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आठवत असेल. शिवाजी साटम त्यात होते, पुढे १९९८ पासून ‘सीआयडी’तही तेच. त्या गोष्टी आपण पोलिसांच्या मागे मागे चालत पाहायचो. गुन्हेगार शेवटी सापडायचा आणि बेड्या! पोरं गुंडांकडे का जातात, हे तिथे फारसं कळायचं नाही. इथे कळतं. व्हिक्टर बोलताना अडखळतो. दोघं एका भारी हॉटेलात बसलेले असताना वेटर घाईने त्याचं वाक्य मध्येच पुरं करतो. ऑझ खवळतो. तो बोलत होता, त्याला बोलू दे! वेटर गप्प उभा राहतो आणि व्हिक्टर आपलं आपण पूर्ण बोलतो. आजवर त्याच्यासाठी असं कोणी भांडलं असेल? मलाही क्षणभर ऑझ आवडून गेला. आणि लगेच आठवलं, याच माणसाने पहिल्याच रात्री या पोराला एक प्रेत लपवायला लावलं होतं.

पालकांनो, ही मालिका तुम्ही पाहा आणि हा प्रसंग घरी मुलांना तोंडी सांगा. ‘दादा फार चांगला आहे, तो माझ्यासाठी भांडला’, असं एखादा मुलगा आपल्या गल्लीतल्या कुणाबद्दल सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी व्हिक्टरची मैत्रीण गॉथम सोडून निघाली आहे. बस लागली आहे. एकीकडे ती, एकीकडे ऑझ. व्हिक्टर काय करतो, ते मात्र मी सांगणार नाही!