‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही? नेटवर्कमधील नेहमीचे शब्द आणि त्यांचा उपयोग

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला, पण पावती निघत नाही. सेवा केंद्रावर अर्ज पूर्ण भरला, पण ‘सबमिट’ दाबल्यावर पडदा तसाच थांबला. दोन्ही ठिकाणी आपल्याला एकच उत्तर मिळते : “नेट नाही, उद्या या.” अर्जाची शेवटची तारीख आजच असेल, तर हे उत्तर महागात पडते.

‘नेट नाही’ यामागे अनेक वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येक कारणाची दुरुस्ती वेगळ्या यंत्रणेकडे असते. खालील काही शब्द माहीत असतील, तर अडचण कुठे आहे हे आपल्याला बऱ्याच अंशी ओळखता येते.

डेटा आणि पॅकेट

आपला अर्ज, फोटो किंवा बोटाचा ठसा संगणकाच्या दृष्टीने डेटा असतो. नेटवर्कवरून तो एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. अर्ज पाठवताना एखादे पॅकेट वाटेत हरवले, तर ते पुन्हा पाठवले जाते. अशी पॅकेट वारंवार हरवू लागली, की काम रखडते.

पॅकेटचा मार्ग

भारतनेट या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचवले जाते. या प्रकल्पाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्याचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क असे होते. फायबर म्हणजे काचेची केसासारखी बारीक तार. तिच्यातून डेटा प्रकाशाच्या रूपात जातो.

ग्रामपंचायतीत या तारेच्या टोकाला ओएनटी नावाची पेटी असते. ती प्रकाशाचे रूपांतर संगणकाला समजणाऱ्या संकेतांत करते. तिथून राउटर तो डेटा वायरने किंवा वाय-फायने वेगवेगळ्या यंत्रांना वाटतो. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या ठिकाणच्या केंद्रातून डेटा पुढे जातो आणि शेवटी सर्व्हरपर्यंत पोहोचतो. सर्व्हर म्हणजे योजनेचे संकेतस्थळ आणि नोंदी सांभाळणारा संगणक.

मोबाइल सिमवर चालणाऱ्या ई-पॉस यंत्राचा मार्ग वेगळा असतो. त्याचा पहिला टप्पा मोबाइल टॉवर हा आहे.

अडचण कुठे आहे, हे कसे ओळखावे?

• वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही : वाय-फाय म्हणजे आपला फोन ते राउटर एवढाच दुवा. तो ठीक असला, तरी राउटरच्या पुढे अडचण असू शकते.
• ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला आहे : फायबरमधून प्रकाश येत नाही. तार कुठेतरी तुटली किंवा निघाली असण्याची शक्यता आहे. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.
• इतर संकेतस्थळे उघडतात, फक्त एकच उघडत नाही : बहुधा नेट चालू आहे. अडचण त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे असावी.
• सर्व उघडते, पण अतिशय हळू : बँडविड्थ किंवा लेटन्सी तपासावी.

बँडविड्थ आणि लेटन्सी

बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो, ते प्रमाण. ती मेगाबिटमध्ये मोजतात. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये लिहिलेला असतो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून २ मेगाबाइटचे कागदपत्र म्हणजे १६ मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर ते चढायला किमान १६ सेकंद लागतात. अर्ज भरताना डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा असतो, हे लक्षात ठेवावे. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी डाउनलोडचा किमान वेग सेकंदाला २ मेगाबिट असावा, असे २०२३ मध्ये ठरवण्यात आले आहे.

लेटन्सी म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ. काही दुर्गम ग्रामपंचायतींना उपग्रहाद्वारे जोडणी दिलेली आहे. असा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे संदेश आणि त्याचे उत्तर यांना मिळून साधारण अर्धा सेकंद लागतोच. मग बँडविड्थ कितीही असो. अंगठ्याच्या पडताळणीत डेटा थोडाच असतो, परंतु उत्तर ठरलेल्या वेळेत यावे लागते. म्हणून तिथे बँडविड्थपेक्षा स्थिर जोडणी अधिक महत्त्वाची ठरते.

रिंग जोडणी

तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच तार असेल, तर रस्त्याच्या खोदकामात ती तुटताच गाव नेटवर्कबाहेर जाते. रिंगमध्ये तार वर्तुळासारखी फिरून परत केंद्राला जोडलेली असते. एका बाजूने तुटली, तर डेटा दुसऱ्या बाजूने जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींना रिंग पद्धतीने जोडण्याची तरतूद आहे. त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांचा खर्च मंजूर आहे. आपली ग्रामपंचायत रिंगमध्ये आली आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावा.

तक्रार करताना

१. ‘नेट नाही’ एवढेच सांगू नये. कोणता दिवा लागला आहे, काय उघडते आणि काय उघडत नाही, अडचण किती वाजल्यापासून आहे, ते सांगावे.
२. पडद्यावरील संदेशाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी अर्ज अडकल्यास आपण प्रयत्न केला होता, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.
३. दूरसंचार कंपनीकडे तक्रार केल्यास डॉकेट क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.
४. रेशनच्या बाबतीत केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना सूचना दिल्या आहेत. नेटवर्कच्या अडचणीमुळे ठशाची पडताळणी झाली नाही, एवढ्या कारणाने पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये आणि अशा वाटपाची वेगळी नोंद ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे.

म्हणून पुढच्या वेळी “नेट नाही” असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे विचारावे : “राउटरपर्यंत नाही, तालुक्यापर्यंत नाही, की सर्व्हर बंद आहे?” उत्तर मिळाले, की तक्रार कोणाकडे करायची तेही कळते.