जांघेस मार लागला तर

श्रोतेहो, या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व काही ऐकण्याची आपणांस सवय आहे. आजचा विषय जाहीर होताच मागच्या रांगेत थोडी खुसखुस झाली, ती आमच्या कानी आली. तिचा आम्हांस राग नाही. किंबहुना ती खुसखुस हाच आमच्या विषयाचा अर्धा भाग आहे. डोके फुटले तर माणूस ओरडतो. जांघेत लागले तर तो आधी इकडेतिकडे पाहतो, कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून.

आम्ही डॉक्टर नव्हे. बाजारआवारातील हमालांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि या बाबतीत जे थोडे कळते ते इस्पितळाच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून मिळवलेले आहे. त्यातला पहिला धडा फार महाग पडला. २००४ सालच्या कांद्याच्या हंगामात आमच्या टोळीतील एका एकोणीस वर्षांच्या पोराला हातगाडीची दांडी जांघेत बसली. सगळे हसले. तोही हसला. आम्हीच त्याला म्हणालो, “बस जरा सावलीत, पाणी पी, जाईल निघून.” घरी गेल्यावर त्याने आईला सांगितले, पोटात दुखते. तिने ओवा दिला. रात्री दोन वेळा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला इस्पितळात नेले तेव्हा एक वृषण काळे पडले होते. ते काढून टाकावे लागले.

झाले काय होते? वृषण एका दोरीसारख्या नाडीला टांगलेले असते आणि त्याचा रक्तपुरवठा त्याच दोरीतून चालतो. त्या दोरीला पीळ पडला की रक्त थांबते. हा पीळ बहुधा आपोआपच पडतो, कित्येकदा झोपेतसुद्धा. पण किरकोळ मार हेही त्याला निमित्त होते. बारा ते अठरा या वयात तो सर्वांत अधिक आढळतो. पहिल्या सहा तासांत सोडवला तर दहांपैकी नऊ वेळा वृषण वाचते. चोवीस तास उलटल्यावर क्वचितच. म्हणून घड्याळ पाहावे. साध्या माराची कळ जबर असली तरी ती ओसरू लागते. तासाभरानंतरही ती तशीच असेल, मळमळ किंवा उलटी होत असेल, सूज येत असेल, एक बाजू वर ओढल्यासारखी दिसत असेल, तर रात्र असो की सण, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे. वाटेत खाऊपिऊ घालू नये. भूल द्यावी लागेल. आणि मुलगा नुसते ‘पोटात दुखते’ म्हणत असेल तर आईबापांनी खोदून विचारावे. अंडकोष सुजून काळानिळा झाला असेल तर आतले आवरण फाटले असण्याचा संभव असतो. तेथेही उशीर करू नये.

ट्रकच्या फाळक्यावर किंवा सायकलच्या दांडीवर दोन पाय दोन्हीकडे होऊन जो आदळतो, त्याचे दुखणे निराळे. हे स्त्रियांनाही होते, आणि त्या तर अधिकच लपवतात. लघवीत रक्त आले, लघवीच्या वाटेवर रक्ताचा थेंब दिसला किंवा लघवी अडली, तर मूत्रमार्गाला इजा झाली असे समजून तात्काळ इस्पितळ गाठावे. जोर करून पाहू नये. कोणा हौशी माणसाकडून नळी तर मुळीच घालून घेऊ नये.

आता आमच्या धंद्याचे दुखणे, अंतर्गळ. ज्याला सगळे हर्निया म्हणतात. पोते उचलताना जांघेत चमक येते आणि तेथे फुगवटा दिसतो. आडवे पडले की तो आत जातो, खोकले की बाहेर येतो. पोटाच्या भिंतीतील कच्ची जागा बहुधा आधीची असते. ओझे तिला उघडे पाडते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाने डोईपाठीवर वाहण्याचे ओझे ५५ किलोच्या वर असू नये. शंभर किलोची पोती वाहिलेले म्हातारे हमाल हे ऐकून आमच्याकडे संशयाने पाहत. असा फुगवटा आत जात असेल तर घाई नाही, पण आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवावा. तो घट्ट झाला, दुखू लागला, आत जाईना, उलटी झाली, वारा सरेना, तर आतडे अडकले आहे. तेथे तासांचा हिशोब असतो. तो दाबून आत ढकलणे हा घातकी उद्योग आहे. (पायाला जखम असताना जांघेत जे अवधाण येते ते निराळे, पण ती गाठ आणि ही गाठ यांतला भेद डॉक्टरांनी करावा, शेजाऱ्याने नव्हे.) शस्त्रक्रियेला भिणाऱ्यांना आम्ही बासिनीची गोष्ट सांगतो. इटलीतील हा तरुण १८६७ साली गॅरिबाल्डीच्या पक्षाकडून लढताना जांघेत संगीन लागून घायाळ झाला. पुढे तोच शल्यवैद्य झाला आणि १८८० नंतरच्या दशकात त्याने अंतर्गळ शिवण्याची जी रीत बसवली, ती या शस्त्रक्रियेच्या अर्वाचीन पद्धतीचा पाया मानली जाते. आता तेथे बहुधा जाळी बसवतात.

बाकी पुष्कळशा तक्रारी मांडीच्या आतल्या स्नायूच्या लचकेच्या असतात. कबड्डीपटूंना ती ठाऊक आहे. विश्रांती घ्यावी, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे दिवसातून काही वेळा धरावा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, आणि चोळणे नको. आपल्याकडे तेल घेऊन धावणारे हात फार. ‘कट’ असा आवाज झाला, पाय टेकवेना किंवा मांडी काळीनिळी पडली तर दुसऱ्या दिवसाच्या आत दाखवावे. दोन आठवड्यांत उतार नसेल तरीही. म्हातारी माणसे पडली आणि जांघ दुखते म्हणाली तर ती लचक समजू नये. खुब्याचे हाड मोडले तरी कळ जांघेतच येते. जांघेत काही घुसून रक्त उसळत असेल तर तेथे मोठी रक्तवाहिनी आहे: कापड कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरावे, सोडून पाहू नये, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

त्या पोराचे पुढे लग्न झाले, दोन मुले आहेत. एक वृषण धड असले तर संसाराला सहसा बाधा येत नाही. भरपाई मात्र त्याला मिळाली नाही. अपघाताच्या वहीत लाजेने ‘पोटदुखी’ लिहिले गेले होते, आणि पोटदुखी हा अपघात नव्हे असा शेरा वरून आला. त्यानंतर आमच्या टोळीचा मुकादम वहीत खरा शब्द लिहितो. पहिल्या वेळी त्याने तो पेन्सिलीने लिहिला होता.