गोड बातमी कधी?

लग्नाला वर्ष उलटलं की बारशात, मुंजीत, हळदीकुंकवात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या मावशींना त्यात वावगं काही वाटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि दिवस राहिल्याचं कळल्यावरही शंभरातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही. प्रश्न नेमका कुणाच्या जखमेवर पडतोय, हे विचारणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. तरीही त्याला दुष्ट ठरवणं चुकीचं होईल. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३मध्ये दाखवून दिलं होतं, की माणसं पुष्कळदा माहिती मिळवायला बोलतच नाहीत. बोलण्याने संबंध राहतो म्हणून बोलतात. 'जेवलात का?' विचारणाऱ्याला भाजी कुठली होती याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणूनच आपुलकीची दखल घ्यावी आणि माहिती स्वतःकडेच ठेवावी, हे मला भोचक प्रश्नावरचं सर्वांत शहाणपणाचं उत्तर वाटतं.

मग सरळ 'हे खासगी आहे' का म्हणू नये? म्हणावं, पण त्याची किंमत मोजावी लागते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एखादी वाईट गोष्ट कबूल करणाऱ्यापेक्षा उत्तर टाळणारा लोकांना अधिक अविश्वासू वाटला. बिटरली आणि श्वाइट्झर या संशोधकांनी २०२०मध्ये यावरची वाट तपासली : थेट नकार देणाऱ्यापेक्षा उलट प्रश्न विचारणाऱ्याबद्दल समोरच्याचं मत चांगलं राहतं, शिवाय माहितीही बाहेर जात नाही. 'मावशी, तुमची नात आता केवढी झाली?' एवढ्यावर बहुतेकांची गाडी रूळ बदलते. अर्थात आपल्या मावश्या प्रयोगशाळेतल्या अनोळखी माणसांपेक्षा चिवट असतात. 'ते राहू दे, तुझं सांग' असं आलंच, तर 'असेल तेव्हा कळेलच' म्हणून हसावं आणि तिथेच थांबावं. थांबणंच अवघड असतं. आपण नकळत कारणं देऊ लागतो, आणि दिलेलं प्रत्येक कारण वादाला आमंत्रण ठरतं. 'आधी घराचं बघतोय' म्हटलं की 'घरं होतच राहतात, वय थांबतं का?' तयारच असतं. कारणच दिलं नाही, तर खोडायचं काय?

हा खोटेपणा नाही का, असं कुणी म्हणेल. खोटं बोलणं म्हणजे चुकीची माहिती देणं. इथे माहितीच दिलेली नाही. त्याहून वजनदार आक्षेप असा, की दुखावणारा मोकळा आणि चतुराई मात्र दुखावलेल्याने दाखवायची! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही मृदुता सगळीकडे लागू नाही. नोकरीच्या मुलाखतीत 'मुलाचा विचार कधी?' असं विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा २०१७पासून लागू झालेली २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा असते. तिथे आपुलकी नाही, हिशेब आहे. 'याचा या कामाशी संबंध काय?' हेच उत्तर योग्य. सासूबाईंचा प्रश्न आणखी वेगळा. तो एका दिवसाचा नसतो आणि सुनेने कितीही कौशल्याने टोलवला तरी संध्याकाळी परत येतो. तिथे उत्तर द्यायचं काम मुलाचं, ज्याला हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही.