पाण्यातलं पशुधन – भाग ७ : मागणी कोणाकडे न्यायची?

लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाजवळ वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले, ते आपण मागच्या भागात पाहिलं. आता त्यापुढचा, व्यवहारातला प्रश्न. पाळलेल्या माशांचे हाल कमी व्हावेत म्हणून मोहीम चालवायची, तर पहिली मागणी कोणती आणि ती कोणाच्या दारात न्यायची?

हा प्रश्न इंदापूर-बारामतीत ठेवून पाहू. एका बाजूला उजनी धरणाचा फुगवटा आणि भिगवणचा मासळी बाजार, दुसऱ्या बाजूला ऊस, डाळिंब, द्राक्षं भिजवण्यासाठी खोदलेली शेततळी. त्यांतल्या अनेक तळ्यांत आता कटला, रोहू, मृगल, सायप्रिनस सोडलेले असतात. तळं मूळ पिकासाठी, मासा जोडधंदा. माशाच्या बऱ्याचशा अडचणी या एका गोष्टीतून येतात.

दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री ते स्वतःच तो वापरू लागतं, मासे आणि जिवाणूही वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. कटला-रोहूसारख्या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असला की बरं. तो ३ च्या खाली गेला की त्यांच्यावर ताण येतो. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. आभाळ भरून आलेल्या दिवसानंतरची पहाट सर्वांत धोक्याची. उन्हाळ्यात त्यात भर पडते. पाणी बागेला जातं, तळ्याची पातळी उतरते, मासे मात्र तेवढेच राहतात आणि वाढलेलेही असतात. दाटी वाढते, विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढतो, आणि तापलेलं पाणी प्राणवायू कमीच धरून ठेवतं.

उपाय माहीत आहे : पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर. पण तो चालवायला वीज पहाटे हवी. कृषिपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. बिबट्या आणि सापांच्या भीतीने रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं दिवसाची वीज मागितली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही दिवसा वीज देण्याचाच आहे. पिकासाठी ही मागणी रास्तच, पण तळ्यातल्या माशाची गरज बरोबर उलट्या वेळेची आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यातून शेतीच्या दराने वीज मिळण्याची वाट खुली झाली. दर उतरला तरी वेळ तीच राहिली, तर तळ्यातला मासा पहाटे गुदमरतच राहील.

म्हणून इथली पहिली मागणी महावितरण आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे जायला हवी : शेततळ्यावरच्या छोट्या एअरेटरसाठी मध्यरात्र ते सकाळ वेगळा पुरवठा, किंवा सौरपंपाला बॅटरी जोडायला अनुदान. या मागणीत शेतकरी आणि मासा एकाच बाजूला आहेत. मासे मेले तर नुकसान शेतकऱ्याचंच. मोहिमेची सुरुवात इथूनच करावी, कारण शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून सुरू झालेली मोहीम किती टिकते, हे या परिसराने बैलगाडा शर्यतींच्या वादात पाहिलं आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्याने कायदाच दुरुस्त केला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. निकाल मिळाला होता, गावं सोबत नव्हती.

माशांच्या बाबतीत कोर्टाचं हत्यार तर आणखी बोथट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो, म्हणजे मासाही त्यात येतो. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

आंध्र प्रदेशात फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह ही २०१९ मध्ये स्थापन झालेली संस्था वेगळ्या वाटेने गेली. तिचे कार्यकर्ते तळ्यांवर जाऊन प्राणवायू, सामू, अमोनिया मोजतात आणि आकडे बिघडले की काय करायचं ते शेतकऱ्याला सांगतात. सहभाग स्वेच्छेचा असतो. इंदापूरला हे जमण्यासारखं आहे. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि माळेगाव खुर्दला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उष्णता आणि प्रदूषणाचा माशांवर काय परिणाम होतो यावर तिथे संशोधन चालतं. विजेवाचूनही बरंच साधतं. ढगाळ संध्याकाळी खाद्य बंद ठेवायचं, तळ्यात माशांसाठी पाण्याची किमान पातळी ठरवून ठेवायची, आणि पाणी उतरायच्या आधी, मार्चपर्यंत, मोठे मासे काढून दाटी कमी करायची.

पुढे मात्र शेतकरी आणि मासा यांचे रस्ते फुटतात. तळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, कमी सोडा म्हटलं की उत्पन्नाचा प्रश्न येतो. आणि मासा मरतो कसा, यात शेतकऱ्याचा काहीच फायदा-तोटा नाही. क्रेटमध्ये पडल्यावर तो बराच वेळ तडफडत राहतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेची, भारत जिची सदस्य आहे, जलचर संहिता सांगते की पाण्याबाहेर गुदमरवणं किंवा बर्फात टाकून मारणं टाळावं. आधी डोक्यावर नेमका आघात करून किंवा विजेच्या धक्क्याने मासा बेशुद्ध करावा. हा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारला तर पहिल्या टप्प्यात कमावलेला विश्वास जाईल. ही मागणी बाजार समितीकडे, व्यापाऱ्यांकडे आणि भिगवणला खास मासे खायला गाडी थांबवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे न्यायची आहे. थाळीमागे चार पैसे वाढले तर ते सोसण्याची ताकद त्याच्याकडे आहे.

मोहीम पुढे सरकते आहे का, हे सह्यांच्या संख्येवरून कळणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाचला किती तळ्यांत प्राणवायू ३ च्या वर राहिला, हाच आकडा खरा. त्याची वही शेतकऱ्यानेच ठेवावी. ती हातात असली तर महावितरणच्या कार्यालयात जायला तो स्वतःच पुढे होईल.

पुढच्या भागात मांगूर. केंद्राने २००० मध्ये बंदी घातलेल्या या परदेशी माशाची तळी उजनीकाठी उभी राहिली आणि कारवाईत नष्टही झाली. बंदी योग्य होती, पण ते मासे मारले कसे गेले, याचा हिशेब मांडू.