धूर की वाफ?

‘पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे’ हे अनुमान आपण पाहिलं. आज ते गॅरेजमध्ये नेऊ या. इंग्लंडमध्ये शिकवत असताना माझ्याकडे एक जुनी एम.जी.बी. होती, १९६२ ते १९८० या काळात निघालेली स्पोर्ट्स कार. एका थंड सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. मी ठरवलं, हेड गॅस्केट गेलं! दोन रविवार खपून हेड उतरवलं. गॅस्केट शाबूत. पण एकदा काढलेलं गॅस्केट परत वापरत नाहीत. म्हणजे चांगलं होतं ते मीच बाद केलं.

मंडळी, ती वाफ होती. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. गाडी तापली की ती वाफ दिसेनाशी होते. धर्मकीर्तीने हाच दोष सांगितलाय: धूर की वाफ, असा संशय असेल तर हेतू ‘संदिग्धासिद्ध’, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आधी इंजिन तापू द्या. धूर पांढराच राहिला आणि रेडिएटरमधलं पाणीही घटत असेल, तर गॅस्केटचा संशय धरा. पाणी मात्र इंजिन गार झाल्यावरच बघा, नाहीतर भाजाल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आधी चोक पाहा. पाना त्यानंतर उचला.