परभणीच्या उन्हात टर्बो

परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. एमएच-२२ पाटीच्या गाडीची ताकद वाढवायची, तर हिशेब तिथूनच मांडावा लागतो. गरम हवा विरळ असते आणि टर्बो ती दाबताना आणखी तापवतो.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीचं १.२ टीएसआय इंजिन मुळात १०५ पीएसचं. ईसीयू रीमॅप करून टर्बोचा दाब वाढवला की ताकद बरीच चढते. पण सोबत चांगला इंटरकूलर आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल हवं, नाहीतर इंजिन ठोके देऊ लागतं. शिवाय तिचा सातगिअरी डीएसजी साधारण २५० न्यूटन-मीटरपर्यंतचाच टॉर्क पेलतो.

बिनटर्बोच्या स्विफ्टला रीमॅपने फारसं काही मिळत नाही. कर्कश सायलेन्सरने तर पोलिसांची पावतीच!