वाळूची राखण

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याची जी चिंचोळी किनारपट्टी आहे, ती एकीकडे कोळीवाडा आणि दुसरीकडे उंच इमारती यांच्या मध्ये सापडलेली असून, काही वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या थरांखाली तिची वाळू दिसेनाशी झाली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या सोबतीने हा कचरा उचलण्यास आरंभ केला. हळूहळू शेकडो स्वयंसेवक त्यांना येऊन मिळाले, २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची ऐंशीच्या आसपास पिले बाहेर पडून समुद्राकडे निघाली. सुमारे वीस वर्षांत या किनाऱ्यावर असे काही घडल्याची वार्ता नव्हती. ही पिले कोणी आणून सोडलेली नव्हती. जागा मोकळी झाली आणि एका मादीने ती आपल्या उपयोगाची मानली, एवढाच या घटनेचा अर्थ. परंतु दुर्मीळ कासवांच्या रक्षणाचे मर्म त्यातच सामावलेले आहे.

बहुतेक कासवांत अपत्यसंगोपनाचा भार मातेने जवळजवळ संपूर्णपणे भूमीवर सोपविलेला असतो. ऑलिव्ह रिडलेची मादी कोकण किनाऱ्यावर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या अंधारात भरतीरेषेच्या वर येते, मागल्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस उबविण्याचे काम वाळूचे. पिलू नर व्हावे की मादी, हेही त्या वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. पिले बहुधा रात्री वा पहाटे बाहेर पडतात आणि समुद्रावरील उजळ क्षितिजाच्या अनुरोधाने वाट धरतात. म्हणून किनाऱ्यालगत दिव्यांचा झगमगाट असला, की ती नेमकी उलट दिशेस, रस्त्याकडे चालू लागतात. अंडी चोरणारी माणसे, कुत्री आणि कोल्हे यांच्याइतकाच हा प्रकाशही त्यांचा वैरी ठरतो.

या संकटांचा बंदोबस्त कसा करावा, याचा धडा रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाने घालून दिला. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात नोंद असलेल्या या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ च्या सुमारास संरक्षणाचे काम हाती घेतले. पहाटे किनारा पायी फिरून मादीचा माग शोधावयाचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवावयाची, वर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहावयाची, आणि पिले बाहेर आली की पाण्यापासून काही अंतरावर सोडून त्यांना स्वतःच्या पायांनी समुद्र गाठू द्यावयाचा, असा हा साधा परंतु अखंड दक्षतेचा क्रम आहे. तो पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकऱ्यांनी आपल्याच घरांत केल्यामुळे, पूर्वी ज्या अंड्यांची चोरी होई, त्याच अंड्यांच्या राखणीत गावाचा स्वार्थही गुंतला.

निरीक्षणाचे फळ मात्र कित्येकदा वर्षांनी हाती येते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली संशोधकांनी ज्या मादीच्या वल्ह्यास ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता, ती जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांच्या हद्दी वेगळ्या, ही समजूत त्या एका बिल्ल्याने डळमळीत केली. कोणत्या किनाऱ्यावर कोठली मादी येईल हे आपण ठरवू शकत नाही. म्हणून प्रत्येक किनारा तयार असावा लागतो. समुद्रातील मामला त्याहून बिकट. तेथे जाळ्यात अडकलेले कासव सोडविण्यासाठी कित्येकदा जाळे कापावे लागते, आणि ते नुकसान गरीब कोळ्याने सोसावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने अशा मच्छिमारास, छायाचित्रांचा पुरावा दिल्यास, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज केली.

वर्सोव्यासारख्या मुंबईच्या उपनगरांत कासवप्रेमाचा एक विपरीत प्रकारही नांदतो. घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते या समजुतीपायी तारा कासवे चोरट्या मार्गाने विकली जातात आणि सदनिकांतील काचपेट्यांत कोंडली जातात. गुजरात-राजस्थानचा कोरडा, झुडपी प्रदेश आणि दक्षिणेतील तशीच माळराने हे त्यांचे घर. मुंबईची दमट हवा त्यांना मानवत नाही. २०१९ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर संपूर्ण बंदी आली. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तर त्यांना बाळगणे हाच गुन्हा आहे. अमेरिकेतून आलेली लाल कानांची कासवे हौसेने विकत घेऊन, मोठी झाली की तळ्यात सोडून देणारे गृहस्थही आपण पुण्य केले असेच मानतात. वास्तविक ती परकी कासवे स्थानिक कासवांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतात. विहार, तुळशी आणि पवई येथील जलाशयांच्या चिखलात राहणारे, मागील पाय कातडी पाळ्यांखाली झाकून घेणारे आपले मृदू पाठीचे कासव कोणाच्या काचपेटीत शोभत नाही, म्हणून त्याची वास्तपुस्तही कोणी करीत नाही. त्याला हवा आहे तो केवळ न बुजविलेला काठ आणि स्वच्छ पाणी.

ऑलिव्ह रिडलेला वयात येण्यास दहा ते पंधरा वर्षे लागतात असे मानतात. २०१८ साली वर्सोव्याहून गेलेल्या पिलांपैकी एखादी मादी जगलीवाचली असेल, तर ती अंडी घालण्यास २०३० च्या आसपास येऊ शकेल, आणि तेव्हा तिला आजचा उत्साह नव्हे, त्या वर्षीची वाळू उपयोगी पडेल. उत्सवाच्या दिवशी किनारा झाडणे सोपे आहे. बारा वर्षे सलग कचरा उचलणे, विणीच्या हंगामात दिवे मंद ठेवणे आणि कुत्र्यांचा बंदोबस्त करणे, हे एखाद्या उत्साही मंडळाच्या आवाक्यातील काम नव्हे. तलाठ्याचे दप्तर जसे माणसे बदलली तरी चालू राहते, तशी ही राखण महानगरपालिकेच्या आणि वनखात्याच्या नित्य कामकाजात दाखल झाली, तरच तिला रक्षण म्हणता येईल.